चपलांची हौस सोडू नका, खरेदीचा क्रम बदला

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय चौतीस, बँकेत नोकरी, रोज ठाण्याहून फोर्टला लोकलने जाणं-येणं. आठवड्यात एक-दोन दिवस साडी, बाकी दिवस कुर्ता-पँट किंवा पलाझो, सुट्टीला जीन्स. चपला-सँडल घ्यायला मनापासून आवडतं, कपाट भरलंय, पण सकाळच्या घाईत पायात जातात ते तेच दोन जुने जोड. संध्याकाळी टाचा आणि चवडे ठणकतात. दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, तिथे पैठणी आणि नऊवारी नेसायची आहे, आणि कोल्हापुरी घ्यावी का हेही विचारलंय. घरचे म्हणतात, आता हा नाद पुरे. नाद सोडावा का, आणि नाही सोडायचा तर रोजच्या कपड्यांवर काय घ्यावं?

बायकांच्या पादत्राणांच्या दुकानासाठी माल निवडणं आणि आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाला जोड नीट बसवून देणं हे माझं अनेक वर्षांचं काम. त्यावरून सांगते, नाद सोडायची काही गरज नाही. चांगली चप्पल दिसली की हातात घ्यावीशी वाटणं, उलटून तिची शिलाई बघावीशी वाटणं, ही रसिकता आहे आणि मला ती फार आवडते. बदलायचाय तो क्रम. बहुतेक जणी आधी रंग आणि डिझाइन बघतात, मग ते कोणत्या ड्रेसवर जाईल याचा विचार करतात, आणि पायाला कसं बसतंय हे सगळ्यात शेवटी, तेही स्टुलावर बसल्या बसल्या. मी नेमकं उलट करायला सांगते. आधी तुमचा दिवस, मग पाय, मग कपड्याची खालची कड, आणि रंग-डिझाइन शेवटी. पहिल्या तीन अटींत बसणारे जोड समोर आले की त्यातून मनसोक्त निवडा. त्यातलं काहीही घेतलंत तरी ते वापरलं जाईल.

दिवसापासून सुरुवात करू. घर ते स्टेशन, पुलाचे जिने, फलाट आणि डब्यामधली फट, उभ्याने प्रवास, फोर्टातले उंचसखल फुटपाथ, बँकेतली गुळगुळीत फरशी, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. अशा दिवसाच्या चपलेला दोन गोष्टी हव्यातच: टाचेला मागून धरणारा पट्टा किंवा बंद भाग, आणि ओल्या फरशीवर न घसरणारा सोल. नुसता पाय सरकवायची, मागून उघडी चप्पल लोकलसाठी मला अजिबात पसंत नाही. चढताना मागच्या बाईचा पाय तिच्या कडेवर पडला की चप्पल फलाटावर आणि आपण डब्यात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तोल गेलेला. शिवाय सैल चप्पल पायात टिकवायला बोटं दिवसभर आत वळलेली राहतात. चवडे ठणकण्याचं हे एक मोठं कारण असतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली सँडल, बंद बेली किंवा लोफर, यातलं काहीही चालेल.

सोल कशाचा बनलाय ते खोक्यावर नसलं तरी दुकानदाराला विचारता येतं. ईव्हीए, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक, एकदम हलका. नवा असताना ढगावर चालल्यासारखं वाटतं, पण रोजच्या वापरात टाचेखाली तो दबून बसतो. टीपीआर, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक, थोडा जड, पण फरशी चांगली धरतो, म्हणून कामाच्या जोडासाठी मी बहुतेक वेळा तोच सुचवते. पीव्हीसी स्वस्त आणि कडक. कोरड्या जमिनीवर ठीक, ओल्यावर भरवशाचा नाही. पीयू मऊ, हलका आणि दिसायला सुबक, पण त्याला एक मोठी खोड आहे, तिच्याविषयी पुढे सांगते. एक गोष्ट मात्र सोल कोणताही असो, बघाच: तळाला खोल, मोकळ्या रेषा आहेत का. तळ सपाट आणि चकचकीत असेल तर जोड कितीही गोड असला तरी कामावर नको. हीलच्या टोकाला असते ती छोटी कडक टोपी ग्रॅनाइटवर सहज घसरते. मोची ती काढून रबराची लावून देतो. किरकोळ खर्चाचं काम आहे आणि नवीन हील घेतली की पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

आता पाय. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण न वापरल्या जाणाऱ्या जोडांपैकी बहुतेक इथेच फसलेले असतात.

‘माझा नंबर पाच’ हे वाक्य आधी विसरा. खोक्यावर सहसा इंग्लिश आणि युरोपियन असे दोन आकडे असतात. इंग्लिश मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन मापात तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत, म्हणून कुठला इंग्लिश नंबर कुठल्या युरोपियन नंबरला जोडायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. त्यात बायकांच्या रोजच्या मालात अर्धे नंबर फारसे येत नाहीत. म्हणून पायाची लांबी मिलिमीटरमध्ये पाठ करा. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. उभं राहूनच, कारण अंगावर वजन आलं की पाय पसरतो. कित्येकींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं. खूण त्या बोटापुढे. दोन्ही पायांचं माप घ्या, दोन्ही सारखे क्वचितच निघतात, आणि मोठ्या पायाचं माप धरा. हे संध्याकाळी करा, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो. बाळंतपणानंतर माप घेतलं नसेल तर नक्की घ्या. गरोदरपणात वाढलेला पाय पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि बायका मात्र लग्नाआधीचाच नंबर सांगत राहतात.

जोडवी घालत असाल तर ती घालूनच माप द्या आणि ती घालूनच जोड करून बघा. आपल्याकडच्या बायकांच्या बंद चपला चावण्याचं हे कारण कुठल्याही परदेशी सल्ल्यात सापडणार नाही. जाड, नक्षीची जोडवी असली की दुसऱ्या बोटाभोवती जागा कमी पडते, आतून अस्तर घासतं, आणि बोटावर घट्टा पडतो. बंद बेली घेताना पुढचा भाग वरून किती उंच आहे ते बोटाने दाबून बघा. निमुळत्या, बसक्या टोकाच्या बेलीत जोडव्याला जागाच नसते. कामाच्या दिवसांसाठी सपाट, पातळ वळ्याची जोडवी करून घेतलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. तोही एक चांगला उपाय. पैंजण असतील तर घोट्याजवळ चेन किंवा बारीक बकल असलेली सँडल टाळा, अडकून दोन्हींचं नुकसान होतं.

लांबीपेक्षा मोठा प्रश्न रुंदीचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅनरने मोजले. त्यातून निघालं की भारतीयांचे पाय युरोपियन पायांपेक्षा रुंद असतात, आणि त्यावर आधारून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धत सुचवली गेली. दुकानात उभं राहून हे रोज दिसतंच. चवडा रुंद, टाच मात्र अरुंद. जोड ज्यावर बेतला जातो तो साचा, आमच्या धंद्यात त्याला फर्मा म्हणतात, परदेशी धाटणीचा असला की चवड्याला आवळतो. मग बाई एक नंबर मोठा घेते. चवड्याला सुटसुटीत होतं, पण टाच मागून निसटायला लागते, आणि जोड जिथे वाकायला हवा ती जागा पायाच्या वाकण्याच्या जागेपुढे जाते. तुमच्या ठणकणाऱ्या चवड्यांचं मूळ इथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते. नंबर वाढवून रुंदी मिळवू नका. फर्मा बदला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा जोड बघा, गोल किंवा चौकोनी टोकाचा बघा, किंवा पट्टा सैल-घट्ट करता येणारी सँडल घ्या.

हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. पायाचा बाह्याकार कागदावर काढा, कापा आणि तो कागद पर्समध्ये ठेवा. दुकानात आवडलेल्या जोडाच्या तळावर तो ठेवून बघा. कागद कडेने बाहेर आला, तर तो जोड तुमचा पाय रोज तेवढा आवळणार. विक्रेती ‘वापरून सैल होईल’ म्हणेल. अस्सल चामडं थोडं सैल होतं, रेक्झिन होत नाही.

मग जोड हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे; मधोमध कागदासारखा दुमडला तर कमानीला आधार नाही. मागचा टाचेचा भाग चिमटीत दाबा, तो लगेच आत बसायला नको. घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. आणि चाला, पण गालिच्यावर नको. बऱ्याच दुकानांत आरशासमोर मऊ सतरंजी असते, तिथे सगळंच छान वाटतं. बाहेरच्या फरशीवर जाऊन या, पायरी असेल तर चढा-उतरा. चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. लिंकिंग रोड किंवा कुलाबा कॉजवेच्या फुटपाथवर घेतानाही हे करता येतं, संकोच करू नका. ऑनलाइन घेत असाल तर नंबर न बघता कंपनीच्या तक्त्यातली सेंटिमीटरची ओळ बघा, आणि आल्यावर घरात स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर चालून बघा, म्हणजे परत करायची वेळ आली तर तळ कोरा राहतो.

टाचदुखीबद्दल. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेत कळ येत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, नुसती चप्पल बदलून थांबू नका. मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर चावणारी चप्पल हा गंभीर विषय होतो, कारण जखम झालेली कळतच नाही. हे सोडून बाकीच्यांसाठी सांगते: हील वाईट आणि फ्लॅट चांगली, हे अर्धवट खरं आहे. उंच हीलमध्ये वजन चवड्यावर जातं हे खरंच. पण पुठ्ठ्यासारखा पातळ तळ असलेली अगदी सपाट बेली कडक फरशीवर दिवसभर घातली तर टाच तितकीच दुखते. दोन ते चार सेंटिमीटरची रुंद टाच बहुतेकींना सगळ्यात सुखाची जाते. उंची बघताना पुढच्या भागाची जाडी वजा करा. मागे तीन इंच आणि पुढे एक इंच प्लॅटफॉर्म असेल तर पायाला ती दोन इंचांचीच लागते. उंच दिसायची आवड असेल तर अशी वेज, म्हणजे टाचेपासून पुढेपर्यंत सलग तळाची सँडल घ्या, टोकदार हीलपेक्षा खूप सुसह्य असते.

आणि घरातलं पायताण. सगळी हौस बाहेरच्या जोडांवर करायची आणि घरी मात्र सकाळ-संध्याकाळ ओट्यासमोर, कडक टाइल्सवर, अनवाणी नाहीतर झिजून पापड झालेल्या स्लिपरमध्ये उभं राहायचं, हे मी सर्रास बघते. दिवसातले उभे राहण्याचे सलग तास कित्येकींचे तिथेच जातात. माझं ऐकाल तर पुढची खरेदी ही करा: घरात वापरायला कमानीला उंचवटा आणि टाचेला खोलगट जागा असलेली, धुता येणारी मऊ चप्पल. ती कुणी बघणार नाही, तिचं कौतुक कुणी करणार नाही, पण तुमच्या टाचांना पहिला फरक तिच्यामुळे जाणवेल.

आता कपडे. इथे माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला आहे: कामाच्या सगळ्या जोडांची टाच एकाच उंचीची ठेवा. समजा तीन सेंटिमीटर. मग ती सँडल असो, लोफर असो किंवा बेली, उंची तीच. याचा फायदा असा की तुमच्या सगळ्या पलाझो, सरळ पँट आणि साड्या त्या एका उंचीला बसतात. आज तुमच्या कपाटातल्या निम्म्या जोडांचं दुखणं हेच असणार. पलाझो हीलच्या मापाने कापलेली, म्हणून फ्लॅटवर ती जमीन झाडते. दुसरी फ्लॅटच्या मापाची, ती हीलवर आखूड वाटते. सकाळी साडेसातला हे गणित कोण करत बसणार? म्हणून हात जातो त्याच जुन्या जोडाकडे. उंची ठरवा, आणि शिंप्याकडे पँट आखूड करायला जाताना तो जोड घालून जा. पूर्ण लांबीच्या पँटची कड मागे जमिनीपासून एक-दीड सेंटिमीटर वर असावी.

घोट्यापर्यंतच्या सरळ पँटवर पायाचा वरचा भाग थोडा दिसू द्या. पुढून व्ही आकारात खोल कापलेली बेली किंवा लोफर इथे सगळ्यात छान दिसते. घोट्याभोवतीचा जाड, गडद पट्टा पाय तिथेच तोडतो आणि उंची कमी भासते. पट्टा हवाच असेल तर तुमच्या कातडीच्या रंगाजवळचा घ्या. चुडीदारावर पाय जितका मोकळा तितक्या घोट्यावरच्या चुण्या उठून दिसतात, म्हणून तिथे जुती किंवा पातळ पट्ट्यांची चप्पल. रुंद घेराच्या पलाझोखाली अगदी नाजूक, पातळ तळाची चप्पल हरवून जाते, तिला थोडा जाड सोल किंवा ब्लॉक हील, म्हणजे जाड, रुंद टाच, तोलते. जीन्सवर काहीही चालतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. कुर्त्यावर स्नीकर घालावेत का, असं हल्ली खूप जणी विचारतात. सरळ, गुडघ्याखाली येणारा कुर्ता आणि घोट्यापर्यंतची पँट असेल तर पांढरे किंवा बदामी, पातळ बांध्याचे स्नीकर खरोखर चांगले दिसतात, आणि लोकलला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. जाळीचे, चकाकत्या पट्ट्यांचे धावायचे बूट मात्र पळायला ठेवा.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. रोजच्यासाठी काळा हा पहिला रंग नाही. आपल्या कुर्त्यांत, सुती साड्यांत गेरू, मोहरी, नीळ, मेंदी, मरून असे रंग भरपूर असतात आणि त्यांच्याशी काळ्यापेक्षा टॅन, चॉकलेटी आणि जुन्या सोन्याची मंद झाक जास्त जुळते. एक टॅन सँडल आणि एक चॉकलेटी बंद जोड यांत तुमचे कामाचे जवळजवळ सगळे कपडे बसतील. काळा तिसरा घ्या. मंद सोनेरी चौथा, साडीसाठी. त्यानंतर जी खरी हौस आहे, मोरपंखी बेली म्हणा, कशिद्याची मोजडी म्हणा, ती बेलाशक करा. उलट एक झगझगीत रंगाचा जोड साध्या पांढऱ्या कुर्त्याला जे रूप देतो ते नवीन ड्रेसही देत नाही. फक्त त्याच्या टाचेची उंची तीच ठेवा.

कपाटाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, मघाशी राहिलेली. पीयूचा सोल ठेवून ठेवून मरतो. हवेतला ओलावा त्याला आतून तोडत जातो आणि काही वर्षांनी, एकदाही न घातलेला जोड खोक्यातून काढला तरी सोल हातात चुरा होऊन येतो. मुंबई-ठाणे-कोकणच्या दमट हवेत हे जास्त होतं. रेक्झिनच्या वरच्या भागाचे पापुद्रे निघतात तेही असंच. म्हणून ‘चांगल्या प्रसंगासाठी’ जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. या रविवारी सगळे जोड बाहेर काढा. प्रत्येक जोड घालून घरात एकदा चाला आणि तो कागदाचा ठसा तळावर ठेवून बघा. जे आवळतात ते धडधाकट असतानाच कुणाला तरी द्या, चुरा झाल्यावर कुणाच्या उपयोगाचे नाहीत. जे टाचेला सैल आहेत त्यांना मागे आतून चिकटवायची मऊ पट्टी मिळते, ती लावा. ज्यांचा सोल नुसता चिकटवलेला आहे पण जोड आवडीचा आहे, त्यांना मोच्याकडून कडेने शिलाई मारून घ्या. उरलेले दारापाशी, डोळ्यांसमोर ठेवा, खोक्यात नको. जे दिसतं तेच घातलं जातं.

पावसाळ्याचा हिशेब पूर्ण वेगळा. जून ते सप्टेंबर चामडं आणि कापडी जोड विसरा. मागे पट्टा असलेली, पाणी निचरणारी रबरी किंवा ईव्हीएची सँडल घ्या, आणि ऑफिसात टेबलाखाली एक कोरडी बेली ठेवा. ओला जोड उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, चिकटवण सुटतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा.

पैशांचं एक व्यावहारिक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यावर १८ टक्के. त्यामुळे अडीच हजाराच्या किंचित वरच्या किमतीचा जोड घेण्यात सहसा शहाणपण नसतं. एकतर त्या रेषेच्या आत चांगला शोधा, किंवा थोडं वर जाऊन खरोखर उत्तम चामड्याचा घ्या.

शेवटी लग्न. तुम्ही कोल्हापुरीविषयी विचारलंत त्याचा मला फार आनंद झाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशीच चप्पल दाखवली तेव्हा सगळीकडे चर्चा झाली, पण हा माल आपल्या घरचा आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं, तळ चामड्याच्या थरांचा, आणि शिलाई चामड्याच्याच वादीची. कडेने बघा, थर दिसले पाहिजेत. वास घ्या, रसायनाचा उग्र वास यायला नको. कोल्हापूरला जाणं झालं तर चप्पल लाइनमध्ये दोन-चार दुकानं फिरून पायावर करून बघा. कापशी या कोल्हापुरीच्या प्रकारात दोन्ही बाजूंना असतात त्या कानांचा डौल आणि बारीक वेणीच्या पट्ट्याची नजाकत फोटोत कळत नाही. भाव करताना हात आखडता घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. हातशिलाईच्या एका जोडामागे किती हात लागतात ते एकदा बघितलं की भाव करावासा वाटत नाही.

नवी कोल्हापुरी अंगठ्याजवळ चावते. आतून थोडं एरंडेल किंवा खोबरेल लावून रात्रभर ठेवा आणि आठवडाभर घरात थोडा थोडा वेळ घाला. पायाने तिला एकदा आकार दिला की तिच्याइतकी सुखाची चप्पल नाही. खाली पातळ रबरी सोल लावून घ्या, चामडं झिजत नाही आणि कार्यालयाच्या फरशीवर पाय सरकत नाही. पाण्यापासून जपा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते.

लग्नाचे कपडे पैठणी आणि नऊवारी म्हणालात. नऊवारीत घोटा आणि पाऊल उघडं असतं, तिथे कोल्हापुरीच, दुसरं काही नको. पैठणीवर मंद सोनेरी, ब्लॉक हीलची सँडल. खडे आणि टोकदार काम असलेली मुळीच नको, जरीचा काठ आणि फॉल त्यात अडकून धागा ओढला जातो. समारंभ लॉनवर असेल तर बारीक हील मातीत रुतते, म्हणूनही ब्लॉकच. बकलऐवजी इलॅस्टिकचा पट्टा बघा, कारण मंडपात, देवघरात, मग जेवायला, असं चार वेळा ती काढावी-घालावी लागेल आणि पैठणी नेसून वाकून बकल लावणं जमत नाही. सँडल याच आठवड्यात घ्या, लग्नाच्या आदल्या दिवशी नाही. आणि साडी नेसायला बसाल तेव्हा परकराची नाडी बांधण्याआधी ती पायात असू द्या; परकर तिच्या उंचीला बांधला की निऱ्या आपोआप बरोबर पडतात. नेसवणारी बाहेरून येणार असेल तर तिलाही हे आधीच सांगून ठेवा.